पाणी ४१

९ जून, सोमवार
झालं एकदाचं! भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानावर नजर ठेवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअर पॅकेजमध्ये अट घातली – कॉम्प्युटरवर पायथन भाषा ३.९ च्या खालची असेल तर बसायचं नाही. पॅकेजच्या मधल्या सगळ्या आवृत्त्या काढून टाकल्या. साहेबांना छाती ठोकून सांगितलं, "जुन्या कॉम्प्युटरवर बसणारच नाही. तिथंच अडेल."

११ जून, बुधवार
मच्छेच्या कारखान्यात सगळीकडे जुनं पुसून नवं बसवलं. भट्टीजवळचं जुनाट डबडं अडेल म्हणून वाट बघत होते. अडलं नाही! मुकाट्यानं बसलं आणि पडद्यावर आलं –
जय जिनेंद्र, भरमूअण्णा! पाणी ४१. निवांत राहा.
अंगावर काटा आला. हे जिनाप्पाचं वाक्य. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, निपाणीहून रोज ये-जा करायचा. जानेवारीत अपघातात गेला.

१२ जून
सकाळी ४१. दुपारी ४१.
भरमूअण्णांनी कॉम्प्युटरला जास्वंद वाहिलंय. "लई दिवसांनी बोललं गं पोरगं!" भट्टीवर वीस वर्षं काढलेला माणूस, दर अर्ध्या तासाला पाण्याच्या पाइपला हात लावून बघणारा. आज एकदाही लावला नाही. विचारलं तर म्हणाले, "जिनाप्पा बघतोय न्हवं? मग मी कशाला बघू?"

१३ जून, शुक्रवार
कळलं. भूतबित काही नाही. माझ्या अटीमुळे नवं बसेना, तर बसवणारा प्रोग्रॅम, इन्स्टॉलर, गुपचूप मागे मागे जात राहिला – जिनाप्पाच्या अगदी पहिल्या आवृत्तीपर्यंत. तेवढी काढायची माझ्याकडून राहिली होती, आणि तिला कसलीच अट नव्हती. चूक दाखवलीच नाही त्यानं. आणि त्या आवृत्तीतला दोष जिनाप्पानंच मला सांगितला होता – सेन्सरची तार सुटली तर शेवटचा आकडाच दाखवत राहते. भोंगा वाजत नाही.
भट्टीमागं जाऊन बघितलं, तार सुटलेलीच. म्हणजे ते ४१ बुधवारचं आहे.
साहेबांना सांगायला गेले. केबिनमध्ये पाहुणे होते. "तुमची अट झकास हं!" म्हणाले सगळ्यांसमोर. मी हसले. लाज वाटते लिहायला, पण हसले.

१४ जून
भट्टी चालू. पडद्यावर ४१. सोमवारी भट्टी पेटायच्या आधी लवकर जाऊन तार जोडीन, जुनी आवृत्ती पुसून टाकीन. कुणाला कळायचं नाही. भरमूअण्णांनी हात केला. मी मान खाली घातली.

१६ जून, सोमवार
भट्टी आज सातलाच पेटवली होती. मी आठला पोचले. पाणी उकळून पाइप फुटला होता, त्यात भरमूअण्णा गेले. पडद्यावर ४१च.
सगळे म्हणतात, कुणाला काय माहीत होतं! शुक्रवारपासून मला माहीत होतं, हे फक्त या वहीत आहे.