ढेकर येईपर्यंत

नागापूर, अहिल्यानगर
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रिय विहीणबाई सिल्व्हियाबाई यांस,
रोझीचा सप्रेम सलाम.

देवकृपेने इकडे सगळे ठीक. तुम्ही आणि व्याहीबुवाही बरे असाल. काष्टीला थंडी पडली का? इकडे सकाळी स्वेटर लागतो. बाळाचं वजन तीन किलो आठशे भरलं. कान तुमच्या घरचे, नाक आमचं. हे म्हणतात, रडण्याचा आवाज मात्र थेट माझा.

हिला आज पत्र लिहायची काय हुक्की आली, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि त्यात तुमचं काही चुकत नाही. शिवाय फोनवर माझी जीभ लगेच शिकवायला लागते. आमचा जस्टिन उद्या तुम्हाला रविवारचं आमंत्रण द्यायला येतोय, त्याच्या हाती हे पाकीट देते आहे.

रविवारी चर्चमध्ये बाळाची उपकारस्तुती आहे. बाळ वाचलं म्हणून. ते कसं वाचलं याची साक्ष पाळकसाहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं राहून द्यायला सांगितलंय.

तुमच्या स्नेहलने तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत आहे, माझ्यासमोरच फोनवर बोलत होती ती. पाजून झाल्यावर पेंग आली, ढेकर न काढताच बाळाला आडवं केलं, दूध नाकात गेलं, मम्मीने, म्हणजे मी, वाचवलं. तुम्ही तिला रागावलात. रागावू नका.

तेव्हापासून ती बाळाला खाली ठेवत नाही. भिंतीला पाठ टेकून बसते, बाळ खांद्यावर, हात त्याच्या पाठीवर. ढेकर आला तरी थोपटणं चालूच. मग मला विचारते, "मम्मी, हा ढेकरच होता ना?" मी हो म्हणते. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. सिझरचे टाके ओढतात, पण बाळ कुणाकडे देत नाही, जस्टिनकडेसुद्धा नाही. ताटातलं निम्मं तसंच राहतं. दोन दिवसांपासून दूधही कमी झालंय. डॉक्टर म्हणाले, बाळाची छाती साफ आहे, आता आईला झोपू द्या. पण डोळा लागला की ती दचकून उठते आणि बाळाच्या नाकाशी बोट धरते.

मला खूप भीती वाटते विहीणबाई. बाळाची आता नाही, तिची वाटते.

तुम्ही आठव्या महिन्यात साडी आणि फळं घेऊन तिला न्यायला आला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच, तुमचा हक्कच होता तो. मी दारातच म्हणाले की काष्टीला कोण बघणार, इथे मी आहे, सत्तावीस वर्षं अंगणवाडी केली आहे. तुम्ही म्हणालात, "आमी काय पोरं वाढवली न्हाईत व्हय?" मी हसले. ते हसणं तुम्हाला लागलं असणार. लागावं म्हणूनच हसले होते.

या भागातल्या निम्म्या आयांना बाळाचा ढेकर काढायला मी शिकवलंय. कापडी बाहुली खांद्यावर घेऊन दाखवायचे. ढेकर येईपर्यंत बाळाला आडवं करायचं नाही, हे वाक्य मी इतक्या वेळा बोललेय की हे मला त्यावरून चिडवायचे.

आता मागच्या आठवड्यातल्या त्या सोमवारचं सांगते. जपून लिहिते आहे, नाहीतर पुन्हा स्वतःची बाजू घेईन.

दुपारी स्नेहल पाजता पाजता बसल्या जागी झोपली. बाळ दूध पिऊन मांडीवर पडलं होतं. मी त्याला अलगद उचललं आणि खांद्यावर घेतलं. पाचएक मिनिटं थोपटलं. आपल्या बाळाचा ढेकर उशिरा येतो, मला ते माहीत होतं. तेवढ्यात निकिताचा फोन आला. ही आमच्या अंगणवाडीची नवी सेविका. तिला दुसऱ्या दिवशी बाळंतिणींची बैठक घ्यायची होती, काय सांगू म्हणून विचारत होती. कुणी विचारलं की मला किती बरं वाटतं, ते तुम्ही बघितलंच आहे. आतल्या खोलीत रेंज नसते. मी बाळाला स्नेहलच्या शेजारी उताणं ठेवलं आणि अंगणात गेले. पाजल्यानंतर काय करायचं तेच तिला समजावून सांगत होते.

परत आले तर नाकातोंडातून दूध आलेलं आणि ओठ निळे पडलेले. पालथं करून हातावर घेतलं, पाठीवर थापा मारल्या. किती मारल्या आठवत नाही. मग ते रडलं. स्नेहल जागी झाली, शेजारचं भिजलेलं दुपटं बघितलं आणि म्हणाली, "मी झोपले. मी त्याला तसंच ठेवलं."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "किती वेळा सांगितलं होतं तुला."

मी हे बोलले, सिल्व्हियाबाई. तुमच्या लेकीला बोलले. त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत जस्टिनने देवाचे आभार मानले, मम्मीला वेळेवर पाठवलंस म्हणून. मी आमेन म्हटलं.

इथवर लिहून उठले. हे स्नेहलच्या आधी तुम्हाला कळवणं म्हणजे पुन्हा पळवाट झाली असती. ती खोलीत नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली होती. खाली तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. घाबरली किंवा रागावली की ती काष्टीचं बोलते, तुम्हाला माहीतच आहे. बराच वेळ थोपटत राहिली, मग म्हणाली, "म्हंजे मी ठेवलंच न्हाई त्याला?"

नाही म्हटलं.

"धा दिस तुमी बगत हुता?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, मला आईकडं जायचंय. मग बाळाला शेजारी निजवलं, त्याच्या छातीवर हात ठेवला आणि पाठोपाठ तिलाही झोप लागली. दोन तास झाले, अजून झोपली आहे. मी दारात खुर्ची टाकून हे लिहिते आहे आणि दोघांचे श्वास बघते आहे.

जस्टिन कामावरून आला की त्याला सांगणार आहे, यांनाही. रविवारी साक्षही देणार आहे, पण हीच. ती ऐकायला तुम्ही थांबलंच पाहिजे असं नाही. उद्या जस्टिनबरोबर या आणि लेकीला घेऊन जा. या वेळी मी दारात उभी राहणार नाही.

एकच मागते. निघताना, बाळाला एकदा आजीकडे दे, असं तिला सांगू नका. तिच्या मनाने देईल तेव्हाच घेईन.

तुमची आणि तुमच्या लेकीची अपराधी,
रोझी शांतवन साळवे