स्टीलच्या डब्याची हकीकत

बऱ्हाणपूर,
मंगळवार, दुपार

वामनदाजींना अनंताचा वाकून नमस्कार (मागच्या दोन वर्षांचे राहिलेले नमस्कारही यातच धरावेत).

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि नाशिकची हवा तुम्हाला मानवते आहे असं कळलं, बरं वाटलं. इकडे आम्ही सगळे मजेत, आमच्या हिचा, वैजयंतीचा, गुडघा सोडला तर. डॉक्टरांनी तुम्हाला महिनाभर मोबाईल बघू नका म्हणून बजावलंय, हे ऐकून मला जो आनंद झाला तो तुमच्या डोळ्यासाठी नव्हता, हे आधीच कबूल करतो. तुमच्या मोबाईलमध्ये माझा एक फोटो येऊन पडलेला असणार. तो बघण्याआधी त्यामागची हकीकत माझ्याकडून ऐकावी, एवढ्यासाठी हा कागद. सूनबाईकडून, तृप्तीकडून, वाचून घ्या. मुलाकडे, ऋषिकेशकडे, देऊ नका. तो मामावर गेलाय, अर्ध्या वाक्यातच हसत सुटतो.

मूळ दुखणं तुम्हाला ठाऊक आहे, पण तृप्ती नवी आहे, तिच्यासाठी थोडक्यात लिहितो. बेटा, तुझ्या सासऱ्यांचा पंप हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, माझा अलीकडे मध्यप्रदेशात. मधे अठरा किलोमीटर. रस्ता एकच, पेट्रोल सारखंच, पण कर दोन सरकारांचे, म्हणून तुमच्याकडे लिटरमागे अडीच रुपये कमी. भाव चढला की लोक मला शिव्या देतात, जसा काही मीच पहाटे उठून चढवला. उतरला की माझ्या टाकीतलं महागाचं पेट्रोल मला स्वस्तात विकावं लागतं. (भाव उतरावा म्हणून वैजयंती सोमवार करते, उतरू नये म्हणून मी करतो. महादेवाने कोणाचं ऐकावं?) त्यात दोन वर्षांपूर्वी दाजींनी हद्दीवर बोर्ड लावला, 'टाकी इथेच फुल करा, पुढे महाग आहे.' पुढे म्हणजे कोण? मी! तेव्हापासून मी तुमच्या घराची पायरी चढलो नाही. भाऊबीजेला कुसुमताई आली, मी ओवाळून घेतलं, पण तोंड भिंतीकडे करून. निघताना तिची गाडी माझ्याच पंपासमोरून गेली आणि थांबली नाही, तेही मी मनात धरून ठेवलं.

असो. गेल्या महिन्यात मी कंपनीला अर्ज लिहिला, की पंप झेपत नाही, सोडतो. सही तेवढी राहिली होती. आमची अश्विनी कॉलेज संपवून घरी बसलीय, तिला पंप चालवायचाय. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "बाबा, सही करायच्या आधी आत्याच्या पंपावर एकदा जाऊन तर बघा, लोक तिथे काय बघून जातात." मी हो म्हटलं, पण माझ्या पोटात वेगळंच होतं. मला वाटत होतं, तुमचं माप कमी भरत असणार. (क्षमा असावी. माणूस बुडायला लागला की त्याला मेहुण्याच्या मापात खोट दिसते.)

माझी जीप गावभर ओळखीची, म्हणून आमचा मॅनेजर सुपडू याची मोटरसायकल घेतली, हेल्मेट घातलं, वरून वैजयंतीचा स्कार्फ गुंडाळला. तुमच्या पंपाच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरवर गाडी बंद पडली. टाकी कोरडी ठणठणीत. बावीस वर्षं माझ्याच पंपावर काम करणाऱ्या सुपडूची टाकी कोरडी का, हे ढकलता ढकलता मला कळेना. मग घाम पुसायला काही फडकं मिळतं का म्हणून गाडीची पिशवी चाचपली, तर हाताला तुमच्या पंपाचं कार्ड लागलं. नऊ शिक्के. दहाव्याला स्टीलचा डबा मोफत. म्हणजे माझ्या पगारावरचा माणूस माझ्याच पंपावरून रिकाम्या टाकीने निघतो आणि तुमच्याकडे भरून येतो. त्याची गाडी माझ्यापेक्षा त्या रस्त्याला जास्त सरावलेली होती.

रांगेत बघतो तर आमचा अर्धा सिंधीपुरा मोहल्ला. आमचे दाताचे डॉक्टर, सत्यनारायण सांगणारे गुरुजी, अश्विनीचे गणिताचे सर. गणिताचे सरसुद्धा! मी मान खाली घालून पुढे सरकत राहिलो. तुमचा माणूस रजेवर होता आणि तुम्ही नाशकात, म्हणून मशीनवर कोण उभं होतं, तर कमरेला पदर खोचून कुसुमताई. मी आवाज बदलून, बोट दाखवून, शंभरचं सांगितलं. तिने ओळखलं नाही. तिने नळी टाकीत घातली आणि दाजी, तीस वर्षांची सवय मेली आड आली. मी अगदी अदबीने, माझ्या नेहमीच्या आवाजात, तिलाच म्हणालो, "झिरो बघून घ्या."

सगळी रांग वळली. ताईने माझ्याकडे पाहिलं, स्कार्फ सोडला, हेल्मेट काढलं (लहानपणी शाळेतून आल्यावर माझी टोपी काढायची तसंच), आणि म्हणाली, "अनंता, तो मी दाखवायचा रे." मागून गुरुजी म्हणाले, "शेठ, आप भी?" ताईने शंभराचं भरलं, शंभर मोजून घेतले, माझ्या हातातल्या कार्डावर दहावा शिक्का मारला आणि डबा माझ्या हातात दिला. रांगेतल्या कुणीतरी काढलेला तो फोटो तेव्हाचा आहे.

मग तिने विचारलं, जेवलास का. मी नाही म्हटलं. ऑफिसात बसवून तिने भरीत-भाकरी वाढली. दोन वर्षांत तिने एकदाही बोर्डाचा विषय काढला नव्हता, तेव्हाही काढला नाही. दाजी, खरं सांगतो, मी किती मूर्ख आहे ते मला त्या भाकरीसमोर कळलं. उरलेलं भरीत तिने डब्यात भरून दिलं, वैजयंतीला आवडतं म्हणून.

मी घरी पोचण्याआधी फोटो घरी पोचला होता. लाजेने मी रात्रीच्या जेवणाआधीच अर्जावर सही केली. सकाळी पोस्टात टाकायला निघालो तर पंपावर ही गर्दी! सगळे मला बघायला आलेले. जसोंडीचे उखर्डूभाऊ तर म्हणाले, "काहो शेठ, डब्बा दाखवा ना." आले तसे त्यांनी टाकीही भरली. अश्विनीने डबा काउंटरवर ठेवला आणि बाहेर हिंदी-मराठीत फळा लावला: 'होय, पलीकडे अडीच रुपये स्वस्त आहे. आमचे मालक स्वतः जाऊन आले. जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर. डबा आत आहे, बघून जा.' उखर्डूभाऊ फळ्यासमोर बोटं मोजत म्हणाले, म्हणजे दहा लिटरमागे पंचवीस वाचवायला मी पाऊण लिटर जाळतो? गणिताच्या सरांनी मान हलवली. त्यांचाही हिशेब तेव्हाच झाला असावा.

ट्रकवाले अजून तुमच्याकडेच येतात, त्यांची टाकी मोठी, त्यांचं बरोबर आहे. पण मोटरसायकली परत फिरल्यात. दहा दिवसांनी लागणारा टँकर या वेळी सातव्या दिवशी मागवावा लागला. अश्विनीने हवेचं मशीन दुरुस्त करून घेतलं, बायकांच्या संडासाला कडी बसवली, आणि सुपडू आता तिच्यासमोर माझ्याच पंपावर टाकी भरतो. पोरगी चालवेल पंप, मला वाटायला लागलंय.

डोळ्याला जपा. ताईला मी रविवारी जेवायला येतोय असं कळवलंय.

तुमचा,
अनंता

ता. क. – सुपडूच्या गाडीतलं ते शंभराचं पेट्रोल मी परत निघताना पहिल्या वळणावरच, सोबत नेलेल्या मापाने मोजलं होतं. थेंबभर जास्तच भरलं. वाईट वाटलं.

ता. क. दुसरा – हद्दीवरचा बोर्ड काढू नका. फक्त खाली एक ओळ वाढवा, 'पुढच्या पंपावर हवा फुकट आणि संडास स्वच्छ.' रंगाचा खर्च मी देतो.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच – सोबत घडी केलेला दुसरा कागद आहे. तो कंपनीचा अर्ज, सहीसकट. अश्विनी म्हणते फाडा, पण माझा हात होत नाही. तुम्ही मोठे आहात, तुम्ही फाडा.

ता. क. शेवटचा – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सुपडू सांगत आला, आज सकाळपासून तुमच्याकडे आणखी चाळीस पैसे उतरले आणि आमच्याकडे दहा चढले. तृप्ती बेटा, हे वाचणं राहू दे, आधी तो कागद फाड, मी परत मागायच्या आत.