मल्लीला शहाणं करायचा इरादा

वैशाख वद्य द्वितीया, मंगळवार, निजामी फसली सन १३५०. सकाळ.

आजपासून रोजनिशी. मी सांगते, मल्ली लिहिते. मल्ली म्हणजे माझी नात मल्लम्मा. चौथी पास, तेरावं लागलेलं. मला अक्षर येत नाही, म्हणजे मी ही वही वाचणार नाही, आणि आमच्या बोरी गावात माझी वही उघडायची हिंमत दुसऱ्या कोणाची नाही. एकदम खाजगी काम. सून गंगम्मा म्हणाली, अवो, पण मल्ली वाचंल की. सुनेला समजत नाही. लिहिणाऱ्याचं लक्ष अक्षराच्या वळणाकडं असतं, अर्थाकडं नसतं. आमचे पोथी वाचणारे स्वामी बघा. जन्मभर वाचतात, अंगाला काही लागलं का?

रोजनिशीचं कारण असं. काल कल्याणराव, माझा लेक, दुकान बंद करून आला आणि म्हणाला, परभणीला पोरींची वस्तानिया निघालीय. वस्तानिया म्हणजे चौथीच्या पुढची शाळा. मल्लीचा मामा परभणीतच राहतो. जायचं का न्हाई ते पोरीनंच ठरवावं म्हणाला, ज्येष्ठात शाळा उघडायच्या आत. आन आई, ठरवायचं कसं ते तू शिकीव. तिला बी आन वीरभद्राला बी. हे वय लय वंगाळ.

वीरभद्र हा मल्लीचा थोरला भाऊ. मिशी फुटायलीय, अक्कल अजून नाही.

जिम्मेदारी कबूल केली. या घरातले सगळे फैसले मीच केलेत, मी नाही शिकवणार तर कोण?

इरादे. एक, दोघांना आपल्या अकलेनं ठरवायला शिकवणे. दोन, मल्लीनं आपल्या अकलेनं घरीच राहायचं ठरवणे. (हे मल्लीला कळू द्यायचं नाही. लिहिलं का गं? लिहिलं म्हणते.) तीन, मिसरी बंद. शिकवणाऱ्याचं तोंड साफ पाहिजे. आजपासून बंद. म्हणजे रात्रीपासून. सकाळची लावून झाली.

वैशाख वद्य तृतीया, बुधवार.

मिसरी बंद झाली नाही. डोकं धरलं. दुखऱ्या डोक्यानं शिकवलं तर पोरांचं नुकसान.

पहिला धडा मात्र झकास. दोघांच्या खिशात फुटाणे भरून दिले. म्हटलं, कोणी काही कर म्हटलं, की आधी फुटाणे तोंडात टाकायचे, बारीक चावायचे, गिळायचे, मग बोलायचं. भरल्या तोंडानं हो म्हणता येत नाही. तेवढ्यात अक्कल ठिकाणावर येते.

मल्ली म्हणाली, लय चांगलं हाय आज्जी. वीरभद्र चावत होता. दुपारी कल्याणरावानं त्याला गूळ तोलायला बोलावलं, तर चावत उभा. हाक मारली, चावत उभा. शेवटी बापानं पाठीत घातली.

शिकवणीत काही कमी नाही. पोरगं जरा जास्त मन लावतं, एवढंच.

वैशाख वद्य षष्ठी, शनिवार. दिवे लागणी.

वीरभद्राच्या सदऱ्याला बिडीचा वास. म्हणाला, बारवेवर पोरं बसत्यात, त्यांचा धूर येतो. म्हटलं, धूर खिशात बसून बिडी होतो का रे? कान धरला नाही. शिकवणारीनं कान धरायचा नसतो. नाटक केलं.

मी झाले बारवेवरचं पोरगं. पदर कंबरेला खोचला, भिंतीला टेकले, म्हटलं, ओढ की रे वीऱ्या, भ्यालास का? आईला विचारून येतो का? बाईमाणसासारखं काय करायलास? मल्ली हसून लोळली. वीरभद्रानं फुटाणे टाकले, चावले, गिळले, म्हणाला, मला न्हाई पायजे, मला घरी काम हाय. पुन्हा डिवचलं. पुन्हा तेच. मी कौतुकानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग म्हणाला, आता आज्जी, मी पोरगं, तू तू. कोनाड्यातली माझी मिसरीची डबी काढली, झाकण उघडलं आणि म्हणाला, घे की वो नागुबाई. बोटभर. कोण बघायलंय?

घेतली. नाटकात दम होता म्हणून घेतली. खरी वेळ असती तर घेतली नसती.

उद्यापासून पक्की बंद.

वैशाख वद्य नवमी, मंगळवार. दुपार.

आज मल्लीशी ते बोलणं. पोरगी अंगानं मोठी व्हायला लागली, की कोणीतरी सांगावं लागतं. आईला लाज वाटते. मला लाज कसली? वीरभद्राला दुकानात पिटाळलं, दार लोटलं आणि सुरुवात केली. म्हटलं, हे बघ, आपली कपिला गाय. गायीचं सांगितलं. मग वेलीचं सांगितलं. मग पुन्हा गायीवर आले. घाम फुटला. मल्ली म्हणाली, आज्जी, तू कावळा शिवल्यावरचं सांगायलीस का? ते मला आईनं संक्रांतीलाच सांगितलंय. आपण लिंगायत, आपल्यात विटाळ धरीत न्हाईत, गळ्यात लिंग असतं, कपडे साफ ठेवायचे, पोट दुखलं तर सांगायचं. शेजारच्या झुंबरबाईच्या पोरीला पण मीच सांगितलं, ती रडायली होती.

बरं झालं. सुनेनं माझ्या आधी सांगितलं म्हणजे सुनेला मीच तयार केलेली आहे. ही शिकवण माझीच धरावी.

मिसरी सकाळी एकदा. दुपारी एकदा, गायीमुळं.

वैशाख अमावस्या, सोमवार.

झुंबरबाई आली. पाय पसरून बसली आणि मल्लीकडं बघून म्हणाली, पोरगी ताडासारखी व्हायली नागुबाई, शाळा कसली घेऊन बसलाव? पालमला स्थळ हाय, तुमच्यातलंच, किराणा दुकान, एकुलता एक. मी मनात म्हटलं, पालम तर परभणीच्याही पलीकडं. स्थळ गावातलं असतं तर विचार केला असता. तोंडानं म्हटलं, आमच्या घरात पोरी आपल्या अकलेनं ठरवतात. झुंबरबाई म्हणाली, मग तर झालंच की कल्याण. आणि चहा न पिता गेली.

लगेच तिसरा धडा घेतला. म्हटलं, मल्ले, कोणी काही गळ घालायला लागलं, की बघायचं, यात फायदा कोणाचा? झुंबरबाईचा फायदा काय, सांग बरं. मल्ली म्हणाली, पालमचं स्थळ तिच्या नंदेच्या शेजारचं हाय, तिला जायला-यायला घर होतं. शाबास म्हटलं. मग परभणीचं सांगितलं. पाणी खारं. स्टेशनावर आगगाडी रात्रंदिवस शिट्ट्या मारते, झोप नाही. पोरं हॉटेलात बसून चहा पितात आणि वाया जातात. शाळेत उर्दू शिकवतात, जीभ वळून बसते.

मल्ली म्हणाली, आज्जी, तू परभणीला कधी गेलीस? म्हटलं, डोळे दाखवायला गेले होते. म्हणाली, मग पट्टी बांधली होती की तुला. काय बघितलंस? म्हटलं, ऐकलं.

मग ती हळूच म्हणाली, मी घरी राहिले, तर त्यात फायदा कोणाचा?

म्हटलं, तुझाच.

तिनं फुटाणे तोंडात टाकले. लय वेळ चावले.

मला काय. माझं सगळं चालतं तिच्यावाचून. सुईत दोरा गंगम्मा ओवील. पाय वीरभद्र दाबील. रोजनिशी बंद ठेवता येते.

ज्येष्ठ शुद्ध पंचमी, शनिवार.

करमत नाही. उन्हामुळं असेल. ओसरीवरून परसात जाते, परसातून ओसरीवर येते. गंगम्मा म्हणाली, आत्याबाई, काय हरवलं का? म्हटलं, पाय मोकळे करायलेय. ती म्हणाली, सकाळधरनं?

मल्ली काही सांगत नाही. हो नाही, ना नाही. कालपासून जुन्या लुगड्याची पिशवी शिवायलीय. म्हटलं, कशाला? म्हणाली, असू दे. परभणी म्हटलं की ही फुटाणे चावते. धडा जरा जास्तच पक्का झाला.

आता एकच उपाय, कौल.

आमच्या महादेवाच्या पिंडीवर कण्हेरीच्या दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. एक उजवीकडं, एक डावीकडं. प्रश्न मोठ्यानं विचारायचा. आधी उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. कळ्या लावायचं काम या घरात माझं. आणि ही गोष्ट खाजगी वहीतच सांगण्यासारखी आहे, की मी उजव्या कळीला नुसतं पाणी लावते आणि डावीला ओली विभूती. विभूती घट्ट धरते. कल्याणरावाचं लग्न, दुकान, कपिला गाय, सगळं या उजव्या कळीनं ठरलंय. याला फसवणं म्हणत नाहीत. देवाला सगळ्या मुलखाची कामं, आपण जरा सोपं करून द्यायचं.

सोमवारी विचारणार, मल्लीनं घरीच राहावं का? उजवी पडणार. पोरगी देवाचं मोडणार नाही. उलट तिला वाटेल, आपलंच ठरलं.

का गं थांबलीस? शाई संपली का? न्हाई म्हणते, हात दुखायलाय.

ज्येष्ठ शुद्ध सप्तमी, सोमवार.

देवळात जायच्या आधी बोटभर मिसरी लावली. नेहमीपेक्षा जरा जास्त. अशा दिवशी माणसानं ताजंतवानं असावं.

देवळात सगळे. कल्याणराव, गंगम्मा, दोन्ही पोरं. झुंबरबाई बोलावलं नसताना. शिवरुद्र गुरवानं घंटा वाजवली आणि मला वाट दिली. कळ्या लावल्या. उजवीला पाणी, डावीला विभूती, नेहमीसारख्या. हात जोडले आणि विचारायला तोंड उघडणार, तर तोंडात मिसरी. थुंकायची राहिली होती. गाभाऱ्यात थुंकता येत नाही. गिळली तर जीव जातो. हातानं खूण केली, थांबा. गुरवाला वाटलं, मी ध्यानात आहे. तो म्हणाला, आज्जीचं तोंड भरून आलंय. भरलंच होतं.

कळ्या टवटवीत. मी दाराकडं सरकते तर दारात झुंबरबाई, हलायला तयार नाही.

मल्ली फुटाणे चावत होती. चावून झाले, गिळले, पुढं आली आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाली, महादेवा, मी परभणीला शाळंत जाऊ का?

उजवी कळी टपकन पडली.

कल्याणराव म्हणाला, हर हर महादेव. गंगम्मा रडली. झुंबरबाई म्हणाली, देवच म्हणायलाय तर आमी कोण? डावी कळी तिथंच, विभूतीत रुतलेली. संध्याकाळी गुरवानं नखानं खरवडून काढली म्हणे.

मी देवळाबाहेर जाऊन थुंकले.

घरी मल्लीला म्हटलं, देवानं ठरवलं. ती म्हणाली, न्हाई आज्जी, मी ठरवलं. अमावस्येलाच. म्हटलं, मग बोलली का न्हाईस, तोंड शिवलं होतं का? म्हणाली, मी म्हटलं असतं तर तू रडली असतीस. देवानं म्हटल्यावर तू ऐकतीस.

म्हणजे माझी शिकवण पुरी लागू पडली. इरादा एक, फत्ते. इरादा दोनचं नंतर बघू.

ज्येष्ठ पौर्णिमा, सोमवार. पहाटे, घाईत.

गाडी जुंपली आहे. मल्ली उभ्यानं लिहायलीय. लुगड्याच्या पिशवीत वह्या आणि कपडे भरलेत. मी फुटाण्यांची पुरचुंडी दिली. म्हटलं, कोणी काही म्हटलं तर? म्हणाली, आधी चावीन. म्हटलं, आणि रडू आलं तर? म्हणाली, तवा बी चावीन. तू काय करशील?

म्हटलं, मला कशाला रडू येतंय?

तिनं मिसरी सोडायचं वचन मागितलं. दिलं. दिवाळीला येऊन तोंडाचा वास घेते म्हणाली. घे म्हटलं. बास, लिहू नको आता, बैल खोळंबलेत.

ज्येष्ठ वद्य सप्तमी, सोमवार.

आता वीरभद्र लिहितो. मल्लीसारखं लिहीत नाही, अर्धं गाळतो. बिडी सोडली म्हणतो. वास घेतला, खरंच नाही. बारवेवरची पोरं फुटाण्यासाठी त्याच्या मागं लागलीत म्हणे.

त्यानं विचारलं, आज्जी, पहिलं काय लिहू? म्हटलं, लिही, मिसरी कायमची बंद. म्हणाला, डबी तर तुझ्या हातात हाय. म्हटलं, तेवढं लिहू नको. त्यानं तेवढंच आधी लिहिलं.

सकाळपासून ठरवता येईना. वाती वळाव्या का शेंगा फोडाव्या. ओसरीवर बसले, उठले. परसात गेले, आले. गंगम्मा आता विचारत नाही, काय हरवलं म्हणून.

शेवटी देवळात गेले. एकटीच. कळ्या लावल्या, दोन्हींना नुसतं पाणी. जन्मात पहिल्यांदा. विचारलं, महादेवा, पोरगी दिवाळीला येईल का? आली तर तिचं मन इथं लागेल का?

कळ्या हलेनात. बसले. गुडघे भरून आले. शिवरुद्र गुरव म्हणाला, आज्जी, दार लावायचंय, देवाला बी काय घाई न्हाई, उद्या सांगंल. म्हटलं, जरा थांब की रे. पिंडीजवळ वाकून बघितलं. डावीच हलायला लागली होती.

मग उजवी पडली.

वारा आला असेल. तोंड जवळ होतं, एवढंच. वीऱ्या, वाऱ्याचं लिही, तोंडाचं लिहू नको.