स्वित्झर्लंडच्या बुलेट ट्रेनमुळे अडलेलं लग्न

ॲन आर्बर, रविवार

ती. नीलांबरीवन्संना शैलजाचा नमस्कार,

गुडघा कसा आहे? मालिशवाली बाई पुन्हा यायला लागली का? यापुढे 'आम्ही इकडे खुशाल आहोत' असं लिहायची पद्धत आहे, पण आज ती मी पाळणार नाही, कारण कालचा धक्का अजून उतरलेला नाही. फोनच केला असता, पण हिमानीचं हे घर लाकडाचं, वर पुटपुटलं तरी खाली ऐकू जातं, आणि खाली तुमचे धाकटे बंधू फुगून बसले आहेत. म्हणून आयपॅडवर एका बोटाने लिहितेय. (चुका सांभाळून घ्या.)

आपल्या हिमानीचं आणि कुशचं ठरल्यातच जमा होतं. दोघांनी आपापसात ठरवलं होतं, तरी रीत म्हणून त्याचे आईवडील काल लांबच्या आयसेलिन गावाहून मुद्दाम आमच्याकडे जेवायला आले. वडील गुरुदत्तराव, उभा जन्म रेल्वेचे बोगदे खणण्यात गेला. (माणूस दिलखुलास, आमरसाला एकदाही नको म्हणाले नाहीत.) मी पुऱ्या तळत होते. त्यांनी हिमानीला विचारलं, बेटा, तू नक्की काय करतेस? आता अशा वेळी मुलीने दोन वाक्यं बोलायची आणि मोठ्यांनी 'वा, छान' म्हणून कोशिंबीर घ्यायची, एवढंच असतं की नाही? पण आपली पडली युनिव्हर्सिटीतली संशोधक. तिने साग्रसंगीत सांगितलं. म्हणे स्वित्झर्लंडसारख्या इवल्याशा डोंगराळ देशाला बुलेट ट्रेन लागतच नाही. वेग घेते न घेते तोच पुढचं गाव येतं. गाड्या एकमेकींसाठी वेळेवर थांबल्या म्हणजे झालं. आणि आणखी बोगदे खणणं ही निव्वळ उधळपट्टी. होणाऱ्या सासऱ्यांना, तेही बोगदेवाल्यांना, वाढता वाढता ती हे बोलली. माझा झारा हातातच राहिला.

पण वन्सं, खरा धक्का पुढेच. गुरुदत्तराव चिडलेच नाहीत. पोरीचं अगदी बरोबर आहे म्हणाले, डोंगराला जितकं कमी छेडाल तितकं बरं. आणि चिडलं कोण, तर हे. ज्या माणसाने जन्मात स्कूटर तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही (मागून सायकलवाले पुढे जायचे, तुम्हीही बसला आहात मागे), तो माणूस बुलेट ट्रेनसाठी पेटून उठला. ताटात पुऱ्यांचे डोंगर रचले, बोटाने त्यांना आरपार भोकं पाडली, आणि बघा, इतकं सोपं असतं, असं जन्मभर बोगदे खणलेल्या माणसाला सांगितलं. कुश समजुतीने म्हणाला, ''काका, इट्स जस्ट हर थिसिस.'' तर हे म्हणाले, ज्या घरात वेगाची किंमत नाही त्या घरात मी मुलगी देणार नाही. कुशची आई, कांचनताई, हात धुवायला उठल्या त्या परत बसल्याच नाहीत. ओटीचा नारळ आणि साडी तशीच टेबलावर पडून आहे. मला इतकी लाज वाटली, सांगता सोय नाही.

हिमानी बाथरूममध्ये नळ सोडून रडतेय. बाबाने सॉरी म्हटल्याशिवाय जेवणार नाही म्हणते, आणि तिचा चॅप्टरही बदलणार नाही. बदलू नये, पण लग्नाचं काय? काल रात्रीपासून कुशकडचं कुणी फोन करत नाही. भाऊजींना नमस्कार, तुमची तब्येत जपा.

तुमची,
शैलजा

ता. क. : पत्राचं खरं कारण हे की तुमच्याशिवाय हे कुणाला भीत नाहीत. एक फोन करा, 'बाळ' अशी हाक मारा आणि चांगलं खडसावा.

ता. क. २ : थांबा, खडसावू नका. तुम्हाला एक सांगायचं राहिलंच होतं, लग्नानंतर दोघं तिकडेच, स्वित्झर्लंडला नोकरीला जाणार आहेत. आत्ता चहा द्यायला खाली गेले, तर हे नकाशा उघडून बसलेले. वर न बघता म्हणाले, विमानतळावरून तिच्या गावाला जायचं तर तीन गाड्या बदलाव्या लागतात. पोरीला काही झालं, बोलावलं तिने, तर मी कसा पोहोचणार? देशाला नसेल लागत बुलेट ट्रेन, मला लागते. चहा ठेवून वर आले. तेव्हा फोन करा, पण मायेने. आधी कुशकडे फोन करायला लावा. आणि गाड्या बदलताना शैलजा बरोबर असेल, हेही तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर भांडण होईल.