मॅनेजरचा थकलेला पगार

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा कोर्टाचा अर्ज मिळाला. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही करून उलट टपाली पाठव, असं वहिनींनी फोनवर दोनदा बजावलं. सही केलेली नाही. करणारही नाही.

आई गेली, लाँड्रीचा गाळा विकला आणि तिने लिहून ठेवल्याप्रमाणे ते पैसे धाकट्याच्या, आपल्या मॅनेजरच्या, नावावर ठेवले. त्याला व्यवहार कळत नाही म्हणून कोर्टाने तुला-मला त्याचे पालक म्हणून नेमलं. त्याचे पैसे कुठेही गुंतवायचे तर कोर्टाची परवानगी लागते. तू परवानगी कसली मागतो आहेस? सगळी रक्कम त्याच्या आयुष्याच्या विम्यात घालायची! विम्याचा एजंट तुझा मेहुणा. पैसे मिळणार मॅनेजर गेल्यावर, आणि तेही तुला.

तुझ्या अर्जात 'त्याच्यानंतर' हा शब्द जागोजागी आहे. 'तो असेपर्यंत' कुठेच नाही. तो आहे, दादा. आत्ता माझ्यासमोर बसून ओल्या टॉवेलची घडी घालतो आहे आणि वाळलेला नाही म्हटलं तर माझ्यावरच डोळे वटारतो आहे.

मी वेगळा अर्ज करते आहे. विमा कंपनीकडे रक्कम एकदाच भरायची आणि त्याला जन्मभर दरमहा ठरावीक पैसे मिळायचे, अशी योजना असते. औषधं, चपला, दाढीचं सामान, सगळं त्याचं त्याला.

राग आहे, तरी लोभ अजून आहे. तो टिकवायचा की नाही ते तू बघ.

बेबी

दि. १५ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तू एवढं लिहू शकतेस हे मला ठाऊक नव्हतं. लहानपणी घरात चोर शिरला असता तरी तू तोंड उघडलं नसतंस. आता उघडलंस ते माझ्यावर, आणि पत्र आधी पडलं तुझ्या वहिनीच्या हातात. तिच्या भावाला तू जवळजवळ दरोडेखोर ठरवलंस. दोन दिवस घरात भांडी आपटताहेत.

विम्यात माझं नाव घातलं, कारण कोणाचं तरी घालावं लागतं. तुझं घालायला सांगतो, मग तर झालं? पण दरमहाचे पैसे म्हणजे बर्फाची लादी. वितळून जातील. त्याच्यानंतर हातात काय राहणार? आईने उभा जन्म वाफेत काढून कमावलेला गाळा होता तो. मलाही आई होती, बेबी. रडायचा मक्ता एकट्या तुझ्याकडे नाही.

आणि त्याला काय कळतं? हातात नोट दिली तर तो तिला इस्त्री करून ठेवील. त्याला कोर्टात उभा करू नकोस. चारचौघांत शोभा होईल.

तुला नको असले तरी आशीर्वाद पाठवतो आहे. तब्येतीला जप.

दादा

दि. ७ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू मार्चमधल्या तारखेला आला नाहीस, वकील पाठवलास. म्हणून काय झालं ते कळवणं भाग आहे.

न्यायाधीश बाईंनी दोन्ही अर्ज वाचले आणि तुझ्या वकिलांना विचारलं, की या विम्याचा या माणसाला जिवंतपणी उपयोग काय. वकील म्हणाले, पैसे घरातच राहतील. मग बाईंनी मॅनेजरला विचारलं, तू काय करतोस. तो उठून उभा राहिला. म्हणाला, नोकरी करतो, लाँड्रीत मॅनेजर आहे, पण आई गेल्यापासून पगार थकला आहे.

कारकून फिसकन हसला. तुझे वकीलही हसले. बाई हसल्या नाहीत. बहीण काही देत नाही का, म्हणाल्या. त्याने मान हलवली. बेबी खाऊला देते, म्हणाला, पण तो पगार नव्हे. पगार पहिल्या तारखेला असतो, पाकिटात असतो, आणि काम केलं तरच असतो. आई कशी हातात पाकीट देऊन, मॅनेजरसाहेब, मोजून घ्या, म्हणायची, तेही त्याने हुबेहूब करून दाखवलं. ज्याला काही कळत नाही, तो हे बोलला. तुझी शोभा झाली असेल, त्याची झाली नाही.

माझा अर्ज मंजूर झाला. पैसे दरमहा त्याच्या खात्यात यायचे आणि दरवर्षी मी कोर्टाला हिशेब द्यायचा. आनंदाने देईन. तुला मात्र देणार नाही.

पहिला हप्ता एक तारखेला आला. बँकेतून काढून, पाकिटात घालून मी त्याच्या हातात दिला. त्याने ते उशीखाली ठेवलं आणि लगेच काम मागितलं. पगार घेतला, आता बसून कसं चालेल, म्हणे. घरात इस्त्रीचं काही नव्हतं. आईच्या वेळी आलास तेव्हा तू खुंटीवर विसरलेला शर्ट त्याने शोधून काढला. धुतला, खळ घातली, दुपारभर इस्त्री केली. तो सोबत पाठवते आहे.

कॉलरच्या आत लाल दोरा दिसेल. विसरला असशील म्हणून सांगते, आईच्या लाँड्रीत लाल दोरा म्हणजे घरचा कपडा, पैसे घ्यायचे नाहीत. तो मी बांधायला सांगितला नव्हता. माझ्या हातात असतं तर मी बांधला नसता.

वहिनींना नमस्कार. माझ्या रागाचं उत्तर नको. शर्टाची पोच मात्र त्याच्या नावाने धाड.

बेबी