एकवीस तारखेचा पूल

कोबे, २८ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रल्हाद,
स. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, लगेच धीर द्यायला लागतोस, म्हणून हे पत्र. कावासाकीत पोस्टमन येतो ना अजून?

स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, हे तुला ठाऊक आहेच. काल डॉक्टरांना सरळ विचारलं, किती दिवस? बराच वेळ कागद चाळून ते म्हणाले, वर्षअखेरीपर्यंत धरून चला. सप्टेंबरात किमोतून तीन आठवडे सुटी आहे. अकरा वर्षं होडी घेऊन शोदोशिमा बेटावर जाऊ म्हणतोय आणि दर वेळी ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज कडमडतंय. आता जायचंच.

अडचण पुलाची आहे. होड्या बांधायची आमची मरीना कालव्यात आत, आणि कालव्याच्या तोंडाशी उचलता पूल. महिन्यातून दोन रविवारी, आधी नाव नोंदवलं की, सकाळी दहाला उचलतात. आता दुरुस्ती निघालीय. एकवीस सप्टेंबरला शेवटचा उचलणार, मग नोव्हेंबर संपेपर्यंत बंद. माझी डोलकाठी बारा मीटर, बंद पुलाखाली जागा चार मीटर. एकवीस चुकली की होडी आत अडकली. सगळ्यांनी बाहेरच्या मरीनांत जागा धरल्यात, मीही धरलीय, पण तिथवर पोचायला संध्याकाळ होते. तू वीसलाच ये. शीड ओढायचं बळ माझ्यात उरलेलं नाही. तू ओढ, सुकाणू तुला जमणार नाही, ते मी धरतो आणि तुला शिव्या घालतो.

विभाताईला एकवीसला पूल उघडला की होडीवर जातोय एवढंच कळवलंय. आजाराचं विचारशील तर, पोट बिघडलंय म्हणून लिहिलं. मिरजेत एकटी राहणाऱ्या बाईला घोर कशाला? तूही तोंड उघडू नकोस.

तुझा,
हेमचंद्र

मिरज, ८ सप्टेंबर २०२५

चि. हेमचंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोटाचं दुखणं चार महिने चालतं होय रे? आणि वर होडीत बसून समुद्रात जायचं! शहाणाच आहेस.

घरात कॅलेंडर लावलंय की नाही? एकवीसला सर्वपित्री अमावास्या आहे. दादा गेले तेव्हा तुला तिकडून येता आलं नाही, पोटचा मुलगा असून त्यांना अग्नी चुलतभावानं दिला. मी तेव्हा एक अक्षर बोलले नाही. पण त्यांच्या नावाचं पान तू एकदाही वाढलं नाहीस, आणि तुझ्या मागे हे दुखणं लागलंय. माझं मन मला खातं. एवढं माझं ऐक. त्या दिवशी घरी थांब, दुपारी स्वतःच्या हातानं पान वाढ. पूल काय, उद्याही उघडेल. दुसऱ्या दिवशी घटस्थापना आहे, चांगला दिवस आहे, तेव्हा खुशाल जा.

संपदाला म्हणावं, वडे तळताना पीठ फार सैल करू नको. तुझी काळजी वाटते रे.

तुझी,
ताई

कोबे, १८ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्रल्हाद,
स. न. वि. वि.

येऊ नकोस, एवढंच सांगून मी फोन ठेवला आणि तू चिडलास. रास्तच आहे. ताईचं पत्र एकोणीसला हातात पडलं. हा शेवटचा रविवार आहे हे तिला कळवायचं, तर का शेवटचा, हेही सांगावं लागलं असतं. ते धैर्य झालं नाही. आणि दादांचं पान, खरं सांगू, मलाही खात होतं.

बाल्कनीतून पूल दिसतो. दहाच्या ठोक्याला उचलला. चौदा होड्या एकामागून एक बाहेर पडल्या. संपदा आत वडे तळत होती. कावळा लगेच शिवला. इथले कावळे मेले कशालाही शिवतात.

वाटलं होतं, डिसेंबरपर्यंत तग धरू. काल पुलाच्या ऑफिसातले ओनो-सान स्वतः घरी आले, वाकून वाकून माफी मागत. बिजागरीच्या आधाराला चीर सापडलीय, पूल आता मार्चमध्येच उघडणार. मीच त्यांना चहा पाजून धीर दिला. ते गेल्यावर ढसाढसा रडलो.

ताईला लिहिलंय की घटस्थापनेला निघालो, तीन दिवस मस्त झाले, तुला बोट लागली. सांभाळून घे.

तुझा,
हेमचंद्र

मिरज, २० जानेवारी २०२६

चि. सौ. संपदा

सवयीनं सौ. लिहिलं बघ. खोडवत नाही, राहू दे.

सुटीवर आलेला प्रल्हाद काल येऊन गेला. मी हेमूचं ते शोदोशिमाचं पत्र त्याला वाचून दाखवलं. रोज वाचते. म्हटलं, शेवटी माझ्या भावाची एवढी हौस तरी पुरी झाली, आणि तुला बोट कशी लागली रे? त्यानं मान खाली घातली आणि चपला शोधायला लागला.

तू मला खरं सांग. हेमू गेला होता का? नसेल, तर कशामुळे? मी सत्तर वर्षांची आहे, लहान मूल नाही. त्याच्या आजाराचंही मला तो गेल्यावर कळलं. आता आणखी लपवू नकोस, तुझ्या पाया पडते.

विभाताई

कोबे, ५ मार्च २०२६

तीर्थरूप ताईंस,
सा. न. वि. वि.

सहा आठवडे उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहून फाडलं.

हे गेले नव्हते. पूल उचलायची एकवीस तारीख शेवटची होती. तुमचं पत्र आलं आणि ते थांबले. मी त्यांच्याशी भांडले, ताईंना आत्ता फोन लावते म्हटलं, तर माझा हात धरला. नंतरचं पत्र माझ्यादेखत लिहिलं, समुद्राचा रंगसुद्धा मला विचारून. मी सांगितला. म्हणजे त्या खोट्यात मीही आहे. ताई, मला तुमचा फार राग येतो. त्यांचा त्याहून येतो. तुम्हाला खरं कळवलं असतं, तर तुम्हीच जा म्हणाला असतात, हे मला समजतं. समजून राग जात नाही.

काल ओनो-सानचा फोन आला. पूल रविवारी उचलणार. इतके महिने ताटकळत ठेवल्याबद्दल त्यांनी माफी मागितली आणि म्हणाले, यादीत पहिलं नाव हेमचंद्र-सानचं आहे, तेच असू द्यायचं ना? मी सांगितलं, ते अकरा डिसेंबरला गेले. मग त्यांनी हळूच विचारलं, नाव काढू का? मला हो म्हणता आलं नाही आणि नाहीही. फोन ठेवून दिला.

लोभ असावा, असं आज माझ्यानं लिहवत नाही. पण पत्र पाठवत राहा. या घरी मराठीत पत्र लिहिणारं आता तुमच्याशिवाय कुणी नाही.

संपदा