गावाच्या कुठल्या बाजूला

किलमोरा, आयर्लंड
११ मे २०२५

ती. आत्यास,
धम्मानंदचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानात मशीन घालायला तू तयार नाहीस, तेव्हा पत्रच लिहितो. या कागदाचा फोटो काढून वरच्या मजल्यावरच्या काजलला पाठवतो आहे. ती तुला मोठा करून दाखवेल. तुझंही पत्र तिच्याच हाती दे.

मी आणि तारा सुखरूप पोचलो. प्रीती बसस्टॉपवर उभी होती. पंधरा महिन्यांनी आईला पाहिल्यावर तारा आधी लाजली आणि मग दोन दिवस तिच्या ओढणीचा काठ सोडेना. प्रीती जिथे नर्स आहे तो म्हाताऱ्यांचा आश्रम घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

गाव एवढुसं. एक चर्च, एक शाळा, दोन दुकानं, बाकी सगळ्या मेंढ्या. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. शेजारी डोनल नावाचे शहात्तर वर्षांचे शेतकरी आहेत. मी शेतकीचा पदवीधर आहे हे कळल्यावर ते मला बांधावर घेऊन गेले आणि म्हणाले की ही दोन एकर पडूनच आहे, तू कर, मला काही नको. आत्या, त्या रात्री मला झोप लागली नाही. बारा वर्षं कळमन्याच्या बाजारात दुसऱ्यांच्या संत्र्यांची प्रतवारी करतो आहे. आपल्या घराण्यात कुणाचं नाव सातबाऱ्यावर चढलं नाही. आणि इथे एक परका माणूस म्हणतो, तू कर.

प्रीतीचं कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही, आणि आम्ही दोघांनी कायमचं इकडे यायचं की नाही, हे ३१ जुलैच्या आत सांगायचं आहे. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. तुला विचारल्याशिवाय मी काही ठरवणार नाही.

माया आहे तशीच असू दे.
तुझा,
धम्मानंद


हुडकेश्वर, नागपूर
१४ मे २०२५

चि. धम्मानंद यास,
आत्याचे आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र पोचलं. शेतकीचा पदवीधर झालास पण अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे. काजल मोठं करून दाखवत होती तसतसे पाय मोठे होत होते. इथे पारा पंचेचाळीसवर आहे. कुलरमध्ये सकाळी पाणी भरलं की दुपारी पुन्हा भरावं लागतं. माझी काळजी करू नको, काजलची आई दोनदा डोकावून जाते.

आता मी विचारते त्याची उत्तरं दे. तुमचं घर गावाच्या कुठल्या बाजूला आहे? पाणी कुठून येतं, आणि सगळ्यांना तिथूनच येतं का? त्या डोनलची स्वतःची पोरं कुठे गेली? ज्यांचं गाव आहे ते निघून जातात आणि तुला बोलावतात, हे काहून गा?

तू गाव पाहिलंस ते मित्रांच्या घरी, हुरडा खायला जाऊन. मी गावात आठ वर्षं राहिले आहे. १९६२ साली माझ्या बाबांनी काटोलकडचं आपलं गाव सोडलं. आमच्या झोपडीला एकच किमती वस्तू होती, बाबांनी स्वतः घडवलेलं सागवानी दार. ते त्यांनी बिजागऱ्यांसकट उखडलं, डोक्यावर घेतलं आणि सडकेपर्यंत चालत नेलं. नागपुरात एका खोलीत ते दार चार विटांवर ठेवलं. दिवसा मी आणि तुझा बाप त्यावर अभ्यास करायचो, रात्री बाबा त्यावरच झोपायचे. गाव हा शब्द निघाला की बाबा उठून बाहेर जात. म्हणून मला विचारावं लागतं.

मी नाही म्हणत नाही, फक्त विचारते आहे. पस्तीस वर्षं शाळेत तेच केलं.

ताराला माझा एकच प्रश्न दे. शाळेत डबा खाताना तिच्याशेजारी कोण बसतं आणि कोण बसत नाही? उत्तर तिने स्वतः लिहावं.

आठवण ठेव, आणि अक्षर सुधार.
तुझी,
मीरा आत्या


किलमोरा
२५ मे २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

परीक्षेला बसल्यासारखा लिहितो आहे. घर गावाच्या पश्चिमेला, अगदी शेवटी आहे. पण घाबरू नको, इथे शेवटची घरं जास्त भाड्याची असतात, कारण तिथून समुद्र दिसतो. पाणी नळाने येतं, सगळ्यांना एकाच टाकीतून. डोनलचा मुलगा ऑस्ट्रेलियात आणि मुलगी डब्लिनला असते. दोघं का गेली असं मी विचारलं तर म्हणाले की इथे डोळ्यांना भरपूर आहे, पोटाला नाही. मग हसले. आता मोठ्या शहरांत घरं परवडत नाहीत, म्हणून काही जण परत येऊ लागलेत असंही म्हणाले.

शाळेत एकोणीस मुलं आहेत. वीस झाली तर दुसरी शिक्षिका टिकते, नाहीतर तिची बदली होते. त्यामुळे मुख्याध्यापिकेने ताराला पाहुणी म्हणून महिनाभर बसवून घेतलंय आणि मनातल्या मनात ती तिला विसावी मोजते.

मी बटाटे लावले आहेत. काळी नाही, तांबूस माती आहे, हाताला थंड लागते. बाकी सगळं छान. माणसं रस्त्यात हात वर करून जातात. ताराचं पत्र वेगळं येईल.

लोभ आहेच, तो वाढता राहो.
तुझा,
धम्मानंद


किलमोरा
१ जून २०२५

प्रिय आजी,
जय भीम.

मी बरी आहे. डबा खाताना माझ्याशेजारी एफा नावाची मुलगी बसते. तिला पोहे आवडले पण शेंगदाणे काढून ठेवते. एक मुलगा आणि त्याची बहीण बसत नाहीत. ती दोघं कुणाशीच बोलत नाहीत, त्यामुळे मला कळत नाही की ते माझ्यामुळे आहे का.

आणखी एक. बाबा म्हणाला होता की हे आजीला कळवायचं नाही. पण तू कोण बसत नाही असं विचारलंस, म्हणून हेही त्यातच येतं असं मला वाटतं. २० मेला, मंगळवारी सकाळी आपल्या घराच्या भिंतीवर काळ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की घरी परत जा. आई रात्रपाळीवरून यायची होती. बाबा आणि मी ती यायच्या आत घासून काढलं. दोन तास लागले. हाताला रॉकेलसारखा वास येत होता. आईला नंतर कळलंच, कारण भिंत तेवढीच स्वच्छ दिसते.

मला इथे आवडतं की नाही हे अजून ठरलं नाही. समुद्र आवडतो.

तुझी लाडकी,
तारा


हुडकेश्वर
४ जून २०२५

चि. प्रीती हिस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

हे पत्र तुला लिहिते आहे, कारण माझ्या भाच्याला बाकी सगळं छान एवढंच लिहिता येतं. ताराने भिंतीचं कळवलं. तिला रागावू नका. तिने प्रश्नाचं उत्तर दिलं आहे, आणि पूर्ण मार्क घेतले आहेत.

आज दिवसभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. काजलने विचारलं की आजी, काहून फिरून राहिल्या, तर तिला कुलर भरायला लावलं. पण प्रीती, मला तुला वेगळंच विचारायचं आहे. डोनल काय म्हणतो, शाळा काय म्हणते, धम्मानंदला मातीचा वास कसा येतो, हे सगळं कळलं. तुला काय पाहिजे हे कुणीच लिहिलं नाही. पंधरा महिने तू एकटी तिथे होतीस आणि दर फोनवर बरं आहे म्हणायचीस. खरंच बरं होतं का वं?

खरं काय ते लिही. मी तुझी सासू नाही आणि सासूसारखं मनाला लावून घेणार नाही.

तुझी,
मीरा आत्या


किलमोरा
१५ जून २०२५

ती. आत्याबाईंना,
प्रीतीचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र मी ड्यूटीवरच्या सुटीत वाचलं आणि मग संडासात जाऊन रडून आले. तुम्ही विचारलं नसतं तर सांगितलं नसतं. बरं नव्हतं. नोव्हेंबरात इथे साडेचारलाच अंधार पडतो. जानेवारीत मी दोनदा परतीचं तिकीट काढलं आणि दोनदा रद्द केलं. ह्यांना अजूनही माहीत नाही. आता तुमच्या पत्रातून कळेल, कळू द्या.

भिंतीवर कुणी लिहिलं ते मला माहीत आहे, एवढ्याशा गावात लपत नाही. नाव लिहीत नाही. चाळिशीतला माणूस आहे. त्याची आई माझ्याच वॉर्डात आहे, रोज सकाळी मीच तिला आंघोळ घालते. तिला आता काही आठवत नाही, मला ती तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारते. दर रविवारी तो भेटायला येतो. त्या रविवारी मी त्याच्या आईला सूप भरवत होते. मी मान वर न करता त्याला एवढंच म्हटलं की ती भिंत माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने दोन तास घासली. तो उठून गेला. पुढच्या रविवारी आलाच नाही. गेल्या रविवारी मात्र आला, शेवटपर्यंत बसला, आणि जाताना विचारलं की तारा मैदानात खेळायला येईल का, मुलांना तोच शिकवतो. मी म्हटलं, ते ताराला विचारा. तारा विचार करते आहे. मी त्याला माफ केलं असं समजू नका.

आत्याबाई, मी नर्सिंगची पहिली नोकरी धरली तेव्हा मैत्रिणीबरोबर नागपुरात खोली शोधत होते. सात ठिकाणी आडनाव विचारलं आणि सातही ठिकाणी अचानक पाहुणे येणार होते. त्यातल्या एकालाही मी काही बोलू शकले नाही, कारण कुणी काही केलंच नव्हतं. इथे केलं, आणि मी बोलले. एवढाच फरक आहे, पण मला तो मोठा वाटतो.

मला शेत नको, मेंढ्या नकोत, ती तुमच्या भाच्याची हौस. मला माझं काम पाहिजे, ते इथे चांगलं आहे. आणि ही दोघं पाहिजेत. फक्त अजून एक हिवाळा एकटीने काढायला लावू नका.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.
तुमची,
प्रीती


हुडकेश्वर
२९ जून २०२५

चि. धम्मानंद आणि प्रीती यांस,
आशीर्वाद आणि जय भीम.

तुम्हाला न सांगता एक काम केलं. शुक्रवारी काजलला सोबत घेऊन एसटीने काटोलला गेले आणि तिथून ऑटोने आपल्या गावाला. त्रेसष्ट वर्षांनी. तुम्हाला जा किंवा जाऊ नका सांगण्याआधी आपण ज्याला भितो ते पाहून तरी यावं, असं मनात आलं.

विहिरीवर आता जाळी आहे आणि पंप आहे. आपल्या वस्तीत सिमेंटचा रस्ता झाला, विहार झालं. आमची झोपडी होती तिथे कुणाची तरी मोटरसायकल उभी होती. गावातल्या मोठ्या घरासमोर मी थांबले तर तिथल्या सुनेने आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला, स्वतः पीत होती त्याच सेटमधल्या कपात. खाटेवर तिचा सासरा होता, माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठा. त्याने कुणाची म्हणून विचारलं. मी बाबांचं नाव सांगितलं. तो म्हणाला की दार डोक्यावर घेऊन गेला तोच ना, आम्ही पोरं लय हसलो होतो. आणि पुन्हा हसला. मग त्याचं हसू थांबलं आणि त्याने विचारलं की त्या दाराचं पुढे काय झालं. मी सांगितलं. तो खाटेवर उठून बसला आणि मला म्हणाला, बसा. मी आधीच बसले होते.

त्याची तिन्ही नातवंडं पुण्यात आहेत. त्या भल्यामोठ्या घरात तिघंच राहतात.

परतताना काटोलच्या स्टँडवर मी आणि काजलने समोसे खाल्ले. मला वाटलं होतं रडू येईल. भूक लागली होती, एवढंच. साठ वर्षं ज्याच्या वाटेला मी गेले नाही ते चाळीस-पन्नास घरांचं गाव होतं रे.

तेव्हा माझं मत लिहिते. मी तुम्हाला नाही म्हणणार होते. आता जा म्हणते. पण जाताना डोळे मिटून जाऊ नका, भिंत घासायची वेळ पुन्हा येईल हे धरून चाला. आणि धम्मानंद, ती दोन एकर फुकट घेऊ नको. उपकाराने दिलेली जमीन देणाऱ्याची मर्जी असेतो आपली. त्याला भाडं दे, कागद कर, आणि कागदावर प्रीतीचंही नाव घाल. आणि बायकोने तिकीट काढून का रद्द केलं, ते शांतपणे बसून तिला विचार.

तुमची,
मीरा आत्या


किलमोरा
६ जुलै २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

विचारलं. दोन संध्याकाळी लागल्या. ती बोलली, मी ऐकलं. मला वाटत होतं की मी माझ्या कुटुंबाला गावात आणतो आहे. खरं म्हणजे प्रीती आधीच इथे होती आणि मी फक्त मातीकडे बघत होतो. भिंतीचं तुझ्यापासून लपवलं त्याचीही लाज वाटते. तुला वाईट वाटेल म्हणून नव्हे, तू नको म्हणशील म्हणून लपवलं होतं.

कागदाचं बोललो तर डोनल आधी रुसले. शेजाऱ्यांत कसला कागद म्हणाले. मग मी तुझ्या बाबांची गोष्ट सांगितली. त्यांनी चुलीत दोन लाकडं सारली. मग म्हणाले की माझ्या आजोबांनाही जमीनदाराने एका दिवसात घराबाहेर काढलं होतं, चल वकिलाकडे. तीन वर्षांचा करार झाला. प्रीतीचं नाव आधी आहे, माझं नंतर.

आमचं ठरलं. दोन हिवाळे राहून बघायचं. त्यानंतर तिघांपैकी एकानेही नको म्हटलं तर परत. ताराने मैदानात जायचं ठरवलं आहे, पण एफाला सोबत घेऊन. मी आणि तारा २४ जुलैला नागपूरला येतो, नोकरीचा राजीनामा आणि व्हिसाची कामं करायला.

आता जे विचारायला धीर होत नव्हता ते. तू काय करशील? तीन महिन्यांसाठी तरी आमच्याकडे येशील? जबरदस्ती नाही. उन्हाळा इथे फार सुंदर असतो.

नाही म्हणालीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
धम्मानंद


हुडकेश्वर
९ जुलै २०२५

चि. धम्मानंद यास,
आशीर्वाद आणि जय भीम.

श्रीलंकेच्या यात्रेला काढलेला माझा पासपोर्ट सापडला. मुदत संपलेली आहे. काजलने नूतनीकरणाचा अर्ज भरला, मंगळवारी बोलावलं आहे. मशीनही कानात घालून पाहिलं. कुलरचा आवाज इतका मोठा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही सगळे त्यात झोपत होता कसे?

मला तुझा सुंदर उन्हाळा नको. तो तर कुणीही पाहतो. मी नोव्हेंबरात येईन आणि तीन महिने राहीन. साडेचारला अंधार पडतो म्हणजे नेमकं कसं होतं, संध्याकाळ मुळी येतच नाही की येऊन लगेच जाते, ते मला बघायचं आहे. प्रीतीला सांग, ड्यूटीवरून आल्यावर दार उघडायला मी असेन.

तिला आणखी एक विचारून ताबडतोब कळव. तिथल्या थंडीत नऊवारीवर कसले बूट घालतात? माझा नंबर पाच आहे, आणि डावा पाय किंचित मोठा आहे.

लोभ माझा आहेच, तुम्ही तो खर्च करायला शिका.
तुमची,
मीरा आत्या